जीभ अडाणी नाही

'आपल्या लोकांना हे झेपायचे नाही' हे मराठी सांस्कृतिक व्यवहारातले एक सदाबहार वाक्य आहे. लघुनियतकालिकांतल्या कवितेबद्दल ते म्हटले गेले, दलित आत्मकथनांबद्दल म्हटले गेले, समांतर चित्रपटांबद्दल तर ते अधूनमधून नव्याने म्हटले जाते. अलीकडे हे वाक्य आम्हांला एका अनपेक्षित ठिकाणी भेटू लागले आहे. ते ठिकाण म्हणजे घरी बनवलेली बिअर. ज्या देशांत कायद्याची मोकळीक आहे तेथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतून कोणी हौसेने वीस लिटरची बिअर आंबवतो, महिनाभर तिची निगा राखतो आणि एका शनिवारी मित्रांपुढे ठेवतो. मित्रांना सवय असते पिवळ्या, पारदर्शक, बर्फगार, हलक्या लागरची. ते एक घोट घेतात, 'वेगळी आहे' असे सावधपणे म्हणतात आणि थोड्या वेळाने फ्रिजमधल्या कॅनची चौकशी करतात. यजमानाचा निष्कर्ष तयार असतो: यांची जीभ तयार नाही. पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरीत चार संध्याकाळी घालवून आलेली आमच्याकडची मंडळीही गावाकडच्या मित्रांविषयी हाच निकाल देऊन मोकळी होतात.

या निष्कर्षाशी आमचे भांडण आहे. जीभ अडाणी नाही. तिला काही दशके पद्धतशीरपणे काहीच न चाखण्याची सवय लावली गेली आहे, आणि ही सवय लावण्यात बाजार, कायदा आणि रसिकतेची मिरास सांगणारे सज्जन अशा तिघांचा वाटा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी या विषयात का डोके घालावे, असा प्रश्न कोणी करील. आमचे उत्तर असे की, अभिरुची कशी घडते आणि कशी मोडते, हा त्यांचाच विषय आहे.

हे आम्ही छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादेतून लिहीत आहोत, यालाही अर्थ आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने आहेत. देशी आणि बहुराष्ट्रीय अशा बड्या कंपन्यांची लागर येथे तयार होते आणि दूरवर जाते. त्यासाठी लागणारे पाणी पैठणच्या नाथसागराचे, म्हणजे जायकवाडीचे. एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले जात असताना, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. त्या उन्हाळ्यात बिअरला किती पाणी लागते, हा प्रश्न या शहरात पहिल्यांदा चव्हाट्यावर आला. चांगल्या कारखान्यातही लिटरभर बिअरमागे साधारण तीन ते पाच लिटर पाणी खर्ची पडते, हे लोकांना तेव्हा कळले. मात्र ती बिअर बनते कशी, तिच्यात काय असते, ती पिवळीच का असते आणि इतकी थंडच का प्यावी लागते, हे प्रश्न तेव्हाही कोणी विचारले नाहीत. गावात छापखाने भरपूर, पण वाचणारा कोणी नाही, अशी ही अवस्था आहे. या शहराचा बिअरशी संबंध तीनच प्रकारचा आहे: पाणी देणारे, पाळीवर जाणारे आणि बिअर शॉपीसमोर रांग लावणारे. जाणणाऱ्याला येथे जागाच नाही.

आता या हलक्या लागरकडे पाहू. ती काही आकाशातून पडलेली नाही. १८४२ साली बोहेमियातील प्लझेन शहरात योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने फिक्या रंगाच्या माल्टपासून, तिथल्या मऊ पाण्यात आणि तिथल्या सुगंधी हॉप्सच्या साहाय्याने जी सोनेरी लागर बनवली, ती चवीला चांगली कडसर होती. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुले. बिअरचा कडवटपणा आणि वास बव्हंशी त्यांचा. पुढे हाच नमुना जगभर गेला आणि जाता जाता झिजत गेला. सातूच्या माल्टचा काही भाग काढून त्याजागी तांदूळ, मका किंवा साखर आली, त्यामुळे अंगातला भरीवपणा गेला. हॉप्स कमी झाले. यीस्ट गाळून काढले गेले, बाटली पाश्चराइझ झाली. उरलेसुरले काही जाणवू नये म्हणून ती गोठणबिंदूच्या जवळपास नेऊन प्यायची रीत पडली, कारण अतिथंड पेयाने जीभ बधिर होते. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडली, ती 'स्ट्राँग'ची. भारतात खपणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा या स्ट्राँग बिअरचा आहे. आठ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेले, तरीही चवीला शक्य तितके सपाट असे हे पेय चाखण्यासाठी नसून चढण्यासाठी आहे. चव ही त्यात अडचणच समजली जाते.

घरी बनवलेली बिअर या सगळ्याच्या उलट दिशेने येते, आणि त्यामागे कारणे आहेत. लागरचे यीस्ट साधारण आठ ते तेरा अंशांत काम करते आणि नंतर तिला आठवडेच्या आठवडे थंडीत मुरावे लागते. घरात हे साधणे कठीण. म्हणून घरचा कारागीर बहुधा एल या प्रकाराकडे वळतो. तिचे यीस्ट अठरा ते बावीस अंशांत खुशाल राहते आणि काम करताना फळासारखे, मसाल्यासारखे वास मागे ठेवते. घरी गाळणयंत्र नसते, म्हणून बिअर थोडी गढूळ दिसते. बाटलीत शेवटी चिमूटभर साखर घालून तिच्यातला वायू तिथेच तयार केला जातो, म्हणून तळाशी यीस्टचा पातळ थर बसतो. पाहुणा हा गाळ पाहतो आणि 'खराब झालीय का?' असे विचारतो. प्रश्न अगदी रास्त आहे. आयुष्यभर ज्याने काचेसारखी स्वच्छ बिअर पाहिली, त्याला गढूळपणा म्हणजे बिघाड वाटणारच. अशा वेळी यजमानाने कपाळाला आठ्या घालणे म्हणजे पहिल्यांदाच मुक्तछंद वाचणाऱ्या विद्यार्थ्याने 'यात यमक कुठे आहे?' असे विचारल्यावर अध्यापकाने हसण्यासारखे आहे.

आणि ही जीभ खरोखर कोणती आहे, हे तरी पाहावे. ही आंबील पिणाऱ्यांची जीभ आहे. ज्वारीचे पीठ रात्रभर आंबवून, ताक-लसूण घालून केलेले ते पेय आंबूस असते, गढूळ असते, आणि तळाशी बसते म्हणून ढवळून घ्यावे लागते. ही अंबाडीची भाजी, मेथीचे गरगटे, कारल्याचे काप आणि तव्यावर खरपूस भाजलेली भाकरी खाणाऱ्यांची जीभ आहे. ज्या समाजाचे नवे वर्ष पाडव्याला कडुनिंबाच्या पानांनी सुरू होते, त्याला कडू चव झेपत नाही असे म्हणायला मोठे धाडस लागते. कडू, आंबट, तुरट, करपट, उग्र या चवी आपल्या ताटात सर्व आहेत. त्या फक्त पेल्यात येण्याची सवय नाही. दोष जिभेचा नसून जोडणीचा आहे, आणि जोडणी करून देणे हे यजमानाचे काम आहे.

ही जोडणी कशी करावी याविषयी आमची मते ठाम आहेत. पहिल्याच भेटीत पाहुण्याच्या हातात जळजळीत कडू इंडिया पेल एल देणे हा उद्धटपणा आहे. तो वाङ्मयाच्या पहिल्या तासाला सर्वांत दुर्बोध कविता फळ्यावर लिहून वर्गाकडे विजयी मुद्रेने पाहणाऱ्या अध्यापकाचा उद्धटपणा आहे. गव्हाची बिअर घ्यावी. बेल्जियममध्ये होगार्डन या गावी लयाला गेलेला तिचा एक प्रकार पिएर सेलिस नावाच्या माणसाने १९६०च्या दशकात पुन्हा जिवंत केला. त्यात पडतात धणे आणि संत्र्याची साल. धण्याची ओळख मराठी माणसाला कोणी करून द्यायला हवी काय? संत्र्याच्या जागी जालन्याच्या मोसंबीची साल वापरली तर काय होईल, हा प्रश्न मराठवाड्यातल्या माणसालाच सुचू शकतो. बिअर बर्फासारखी थंड नसावी, माठातल्या पाण्याइतकी गार असावी. बाटलीतून न पिता पेल्यात ओतावी आणि तळाचा गाळ बाटलीतच राहू द्यावा, म्हणजे संशयाचे निम्मे कारण मिटते. सोबत खायला असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'ही तुझ्या नेहमीच्या बिअरपेक्षा चांगली आहे' असे चुकूनही म्हणू नये. मे महिन्यात पारा बेचाळिसावर असताना कोणाला थंडगार हलकी लागर प्यावीशी वाटली तर तो गुन्हा नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की तिच्याशिवाय दुसरे काही आहे, हे त्याला ठाऊक असावे. माहीत असूनही हलके निवडणारा आणि माहीतच नसल्यामुळे हलके घेणारा यांच्यात जे अंतर आहे, तेच अभिरुचीचे क्षेत्र.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो आमच्या वाचकांच्या घरचा आहे. घरगुती बिअरचे यजमान बोलतात ते सगळे उसन्या शब्दांत. 'माउथफील', 'नोट्स', 'फिनिश' हे शब्द ऐकताच पाहुण्याला कळते की ही परीक्षा आहे आणि आपण नापास होणार आहोत. मराठीत खमंग आहे, खरपूस आहे, कडसर आहे, आंबूस आहे, तुरट आहे, मिळमिळीत आहे. भाजलेल्या माल्टची काळी बिअर 'करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी' आहे असे म्हटले की तिची अर्धी ओळख तेथेच होते. मग हे शब्द पेल्यापर्यंत पोचत का नाहीत? आमच्या मते त्याचे एक कारण आपल्या वाङ्मयात आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने मद्याचे मराठीतले स्थान असे काही पक्के केले की पुढच्या शतकभरात त्याची चव हा विषयच उरला नाही. सुधाकराचा ऱ्हास आणि सिंधूचे हाल यांच्यासमोर चवीची गोष्ट काढणे अश्लाघ्यच ठरले असते. त्या नाटकाच्या सामर्थ्याविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. परंतु एका थोर शोकांतिकेने एका समाजाची पेयाविषयीची सर्व भाषा व्यापून टाकावी, हे त्या शोकांतिकेचे यश आणि आपले आळशीपण आहे. आज मराठीत मद्याविषयी दोनच बोली उरल्या आहेत: एक कीर्तनकाराची आणि दुसरी परमिट रूममधल्या विनोदाची. चाखणाऱ्याची बोली नाही. क्रियापद पाहा. दारू मराठीत 'गाळली' जाते, म्हणजे भट्टी लावून ऊर्ध्वपातनाने काढली जाते. बिअर गाळली जात नाही, आंबवली जाते. हा भेद आपल्या रोजच्या बोलण्यात नाही, आणि म्हणूनच तो आपल्या कायद्याच्या अंमलबजावणीतही नाही.

१९४९च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, परवान्याविना कोणतेही मादक पेय तयार करणे हा कलम ६५ खाली गुन्हा ठरवला आहे. घरच्या माणसांसाठी आंबवलेली वीस लिटर बिअर आणि विक्रीसाठी लावलेली हातभट्टी यांत हे कलम फरक करीत नाही. आपल्या परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी या संदर्भात कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे, ज्याची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केली. सुराध्यक्षाच्या प्रकरणात कौटिल्य मद्याच्या व्यवहारावर कडक राजनियंत्रण घालतो, पण कुटुंबवत्सल गृहस्थांना कार्यप्रसंगी श्वेतसुरा घरी करण्याची मुभा देतो. कर वसूल करण्यात कोणालाही न ऐकणाऱ्या त्या राज्यशास्त्रज्ञाला घर आणि दुकान यांतला फरक कळत होता. ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली काढली. अमेरिकेने १९७८ साली कायदा केला आणि एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, दोन वा अधिक प्रौढांच्या घराला दोनशे गॅलन, विक्री न करण्याच्या अटीवर बनवू दिले. या मोकळिकीतूनच पुढे तिथल्या लहान बिअर-कारखान्यांची पिढी उभी राहिली.

आपण काय केले? २००९ साली पुण्यात 'डूलाली' ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. म्हणजे बिअर ताजी, गढूळ आणि चवदार असू शकते हे शासनाला मान्य झाले. मात्र ती विकत घेऊनच प्यावी लागेल. ज्याच्याकडे भांडवल आहे त्याच्या हंड्याला परवाना, ज्याच्याकडे केवळ हौस आहे त्याच्या हंड्याला पंचनामा. आणि येथे आम्ही मध्यमवर्गीय हौशी मंडळींनाही सोडणार नाही. मोहाची फुले आंबवणाऱ्या आदिवासी घरावर पिढ्यान्‌पिढ्या छापे पडत आले तेव्हा यांतल्या कोणाला कायद्याची जाच वाटली नाही. तेव्हा ती 'हातभट्टी' होती. आता स्वतःच्या स्वयंपाकघराचा प्रश्न आल्यावर तीच गोष्ट 'क्राफ्ट' झाली. गोव्याने निदान २०१६ साली फेणीला वारसा पेय म्हणून गौरवले, तोवर तीही 'देशी दारू'च होती. ज्याला घरगुती बिअरचा हक्क हवा आहे त्याने मोहाच्या हक्काविषयी बोलल्याशिवाय तोंड उघडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. मराठवाड्यात आणि विदर्भात दारूने घरे उद्ध्वस्त केली आहेत. 'उभी बाटली, आडवी बाटली' असे मतदान करून स्त्रियांनी दुकाने बंद पाडली, गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली, चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. या लढ्यांपुढे चवीची चर्चा म्हणजे पोट भरलेल्यांचा चोचलेपणा नव्हे काय? आम्ही हा आक्षेप टाळत नाही. दुकानाविरुद्ध मत देण्याचा स्त्रियांचा हक्क आम्हांला घरगुती बिअरच्या हक्काहून मोलाचा वाटतो, आणि दोहोंत निवड करावी लागली तर आम्ही पहिला निवडू. परंतु ही निवड करावी लागत नाही. व्यसनाला हवे असते ते स्वस्त, तीव्र आणि तात्काळ. घरी आंबवलेली बिअर यांपैकी काहीच नसते. तिला भांडी उकळून स्वच्छ ठेवावी लागतात, तापमान जपावे लागते आणि तीन-चार आठवडे वाट पाहावी लागते. व्यसनी माणूस तीन आठवडे थांबत नाही. त्याची सोय कोपऱ्यावरच्या परवानाधारक दुकानाने आधीच करून ठेवली आहे. विषबाधेची भीती घातली जाते, तीही अस्थानी आहे. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे मेली ती औद्योगिक मिथेनॉलमुळे. सातू वा गहू आंबवून असे विष तयार होत नाही. पाण्याचा आक्षेप मात्र आम्ही मान्य करतो: लिटरमागे हिशेब केला तर घरची बिअर कारखान्याहून जास्तच पाणी घेते. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत आले आहे तेथे हा हिशेब प्रत्येकाने करावा. पण तो प्रथम वाळूजच्या दरवाजापाशी करावा, मग हौशी माणसाच्या मोरीपाशी.

आमची मागणी लहान आहे. एकवीस वर्षांवरील व्यक्तीला, ठरावीक मर्यादेत, विक्रीची पूर्ण मनाई ठेवून, ऊर्ध्वपातनाशिवाय आंबवलेले पेय घरी करता यावे. आणि ही मुभा सातूला, गव्हाला, ज्वारीला आणि मोहाला सारखी असावी. नायजेरियाने १९८८ साली सातूच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथले कारखाने ज्वारीकडे वळले आणि ज्वारीचीही चांगली लागर होते हे सिद्ध झाले. ज्वारीच्या या मुलखात सातूचा माल्ट बाहेरून येतो आणि ज्वारीच्या बिअरचा प्रयोग घरी करणारा गुन्हेगार ठरतो, यातला विनोद कोणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी त्या पहिल्या वाक्याकडे. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले. त्या साहित्याविषयी तेव्हाच्या पुष्कळ जाणकारांची तक्रार अशी होती की ते कडवट आहे, उग्र आहे, वाचकांना झेपणारे नाही. पेल्यातल्या कडूपणाची आणि त्या कडूपणाची बरोबरी आम्ही करीत नाही. त्या शब्दांमागे माणसांचे आयुष्य होते. आम्ही बोट ठेवतो आहोत ते युक्तिवादाच्या चालीवर. 'लोकांना झेपत नाही' असे म्हणणारा बहुधा स्वतःच्या सोयीचे बोलत असतो. कारखानदाराला ते म्हणणे सोयीचे, कारण एकच सपाट चव सर्वत्र विकता येते. शासनाला सोयीचे, कारण परवाने मोजके राहतात. हौशी रसिकाला सोयीचे, कारण त्याचे वेगळेपण टिकते. आणि गाईडमधली उत्तरे लिहून देणाऱ्या अध्यापकालाही सोयीचे, कारण मूळ पुस्तक वर्गात वाचण्याचे कष्ट वाचतात. वाचकाला आणि पिणाऱ्याला काय झेपते, हे त्याच्यापुढे नीट ठेवल्यावाचून कोणालाही ठरवता येणार नाही. ज्यांनी ते कधी ठेवलेच नाही, त्यांनी निकाल देऊ नये.